डाव्या पायाची विचारपूस

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांच्या चरणी (दोन्ही चरणी, पण आज विशेष करून डाव्या) आपल्या धाकट्या साडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही उभयता इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यातलं किती खरं, ते पत्राच्या ओघात कळेलच. आपली प्रकृती कशी आहे? ताईंच्या फोनवरून कळलं की आपला डावा गुडघा अजून कुरकुरतोय, तेलं झाली, पट्टा झाला, सकाळचं फिरणं निम्म्यावर आलं, आणि येत्या सोमवारी कुणा मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. ऐकून मला फार लागलं. भाऊसाहेब, एक विचारू का? दुखणं घरात अनवाणी असताना जाणवतं, की बाहेर पडल्यावर? गुळगुळीत फरशीवर डावं पाऊल जरा खाली गेल्यासारखं वाटतं का? आणि आपण निवृत्त झालात तेव्हा मी दिलेले तपकिरी बूट अजून रोज वापरता ना? हे सगळं मी निव्वळ आपुलकीनं विचारतोय, त्यामागे दुसरा काही हेतू आहे असं आत्ता तरी समजू नये. माझ्या अक्षराकडेही दुर्लक्ष करावं. कालपासून माझी उजवी कंबर धरली आहे आणि खुर्चीत एका बाजूला कलून लिहितो आहे. वय झालं, दुसरं काय.

तर आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं झाली. आपल्याला ठाऊकच आहे की आमच्या घरात आपण म्हणजे मोजपट्टी. आपण लग्नाच्या वाढदिवसाला ताईंना दरवर्षी नव्या गावी नेता, नोकरीत होतात तेव्हाही कामाचा फोन घरी ठेवून जायचात, आणि परत आल्यावर ताई सगळे फोटो हिला दाखवतात. त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढतो ते माझं मला माहीत. (आपल्याबद्दल मनात किल्मिष नाही. पण एखाद्या वर्षी आपण घरीच बसला असतात तर एका गरिबाचं भलं झालं असतं.) हिनं या खेपेला काहीच मागितलं नाही. फक्त एवढं म्हणाली की जायचं तर दोघांनीच, आणि कारखाना बरोबर न्यायचा नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्याबाबत माझा हात कुणी धरणार नाही.

आता इथे माझ्या कामाबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण ताईंची अजूनही समजूत आहे की मी बुटांच्या कारखान्यात बूट विकतो. मी बूट झिजवतो. नवा सोल तयार झाला की तो किती टिकेल हे बघायचं आमच्या विभागाकडे असतं. त्यासाठी एक यंत्राचा पायही आहे, तो दिवसभर जागच्या जागी चालत असतो, पण आमच्या साहेबांचा त्याच्यावर विश्वास नाही. ते म्हणतात, यंत्र कधी घाईत नसतं, कधी रुसून चालत नाही आणि कुणाच्या मागेही जात नाही, त्याला झिजणं काय कळणार? म्हणून आम्ही खऱ्या माणसांना बूट देऊन चालवतो. आणि त्यातली खुबी अशी की एकाच जोडीत डाव्याला एक सोल लावायचा आणि उजव्याला दुसरा. वरून दोन्ही अगदी जुळे भाऊ. माणूस तोच, रस्ता तोच, पाऊस तोच. मग जो आधी झिजला तो नापास. पुरुषांच्या बुटांसाठी आम्हाला टपालवाले आणि पहारेकरी मिळतात. बायकांच्या बुटांसाठी एक परिचारिका होती, ती बदलून गेली. आणि नमुन्याचे बूट ज्या एका ठराविक मापाचे बनतात, ते माप नेमकं आपल्या मेहुणीच्या पायाचं आहे. (पंचवीस वर्षांत हिनं कारखान्यातल्या सुट्या नमुन्यांखेरीज दुसरं काही पायात घातलेलं नाही. कधीतरी दुकानातून विकत आणलेली, पातळ कागदात गुंडाळलेली, खोक्यातली जोडी मिळावी, असं तिनं एकदाच बोलून दाखवलं होतं. ते मी लक्षात ठेवलं होतं, याचं श्रेय कुणी देईल म्हणून लिहीत नाही, उलट तोच माझा गुन्हा आहे.)

साहेब म्हणाले, असं एक गाव आहे, दगडी गल्ल्या, उतार, नदीकाठच्या ओल्या पायऱ्या, वेशीच्या आत गाडीला बंदी. कुठेही जायचं तर चालत. सोलचा असा काळ दुसरीकडे सापडायचा नाही, तेव्हा आठवडाभर जाऊन या. मी नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, कारण याच गावाचं चित्र आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेलं वर्षभर लटकत होतं आणि ही भाजी चिरताना त्याच्याकडे बघायची. एका दगडात दोन पक्षी. दगड कुणाच्या पायावर पडणार, याचा विचार तेव्हा सुचला नाही. नव्या दोन सोलांची एक जोडी मी हिच्यासाठी बनवून घेतली, मऊ वाइनरंगी चामडं, नाजूक बक्कल. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रिकामं खोकं आणि पातळ कागद मागून आणला, वर फीत बांधली, आणि निघायच्या आदल्या दिवशी ते खोकं हिच्या हातात ठेवलं. तिनं ते लगेच उघडलंच नाही. आधी खोक्यावरून हात फिरवला, मग कागद न फाडता उलगडला आणि घडी करून कपाटात ठेवला. मग बूट घालून घरभर फिरली. मला म्हणाली, एवढं लक्षात ठेवलंत? त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी मान डोलावली.

गाव खरोखर चित्रासारखं आहे. आमची खोली एका विधवा बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर, खिडकीखाली पाववाल्याची भट्टी, त्यामुळे पहाटेच भूक लागते. घरमालकीणबाईंनी आम्हाला पहिल्या दिवशी तीनदा बाहेर पडताना पाहिलं आणि नवीन लग्न झालंय का म्हणून विचारलं. कारण मी हिला चालवत होतो, भाऊसाहेब, अक्षरशः चालवत होतो. दगडी गल्ली, मग उतार, मग नदीच्या ओल्या पायऱ्या, परत दगडी गल्ली, असा माझा ठरलेला फेरा होता. त्या फेऱ्यात एका न्हाव्याचं दुकान लागायचं. पहिल्यांदा तो हसला, नंतर नमस्कार करू लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं न विचारता खुर्ची झटकून ठेवली, त्याला वाटलं मला दाढी करायची आहे पण आत यायला संकोच वाटतोय. मी करून घेतली. दुसरा इलाज नव्हता.

आणि हिचा आनंद काय सांगू. जो माणूस कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढतो तो आपल्या शेजारी तासन्‌तास चालतोय, वर सारखा खाली आपल्या पायांकडे बघतोय, जपून म्हणतोय. मी म्हणालो, घासत चालू नकोस. तिला वाटलं मी काळजी करतोय. मी म्हणालो, दोन्ही पायांवर सारखा भार दे, ती लाजली. संध्याकाळी ती आंघोळीला गेली की मी बूट उलटे करून झीज मोजायचो, आणि मोजताना लागलेली माती पुसून ठेवायचो. तिनं पाहिलं ते फक्त पुसलेले बूट. रात्री ताईंना फोन करून तिनं सांगितलं की हे माझे बूट पुसतात. ताईंनी ते आपल्याला ऐकवलं असेल, आणि त्यापायी आपल्याला काही त्रास झाला असेल तर मनापासून माफी मागतो. मला इतकी वर्षं आपल्यापायी झालेला आहे.

वाढदिवसाच्या संध्याकाळी आम्ही नदीकाठी गेलो. तिथे पायऱ्या संपल्यावर वाळू लागते. हिनं काय करावं, तर बूट काढून हातात घेतले आणि वाळूतून चालू लागली. आमच्या धंद्यात वाळूतली संध्याकाळ म्हणजे बुडालेली संध्याकाळ. मी मागून गेलो आणि म्हणालो की बूट घाल, गारठा बाधेल. ती वळून म्हणाली, मी तुम्हाला इतकी आवडते हे मला माहीत नव्हतं. भाऊसाहेब, मी साधा माणूस आहे. नदीवर उजेड पडलेला, ही हातात बूट घेऊन उभी, केस वाऱ्यानं विस्कटलेले, आणि माझ्या खिशात झीज मोजायचा चिमटा. मी तिच्या हातातले बूट घेतले आणि आम्ही अंधार पडेपर्यंत अनवाणी फिरलो. त्या संध्याकाळी मी काही मोजलं नाही. हे साहेबांना कळवू नये.

दुसऱ्या दिवशी या सुखाला ग्रहण लागलं. आपल्याला ठाऊक आहे की ही शाळेत गाणं शिकवते आणि हिचा कान तयार आहे. सकाळी दगडी गल्लीत चालता चालता ती थांबली. म्हणाली, माझी दोन पावलं वेगळी वाजताहेत. उजवं टणक वाजतं आणि डावं भप्प करतं, लय सुटलीये. मी म्हणालो, दगड वेगवेगळे असतात. (उजवा सोल कडक होता आणि डावा मऊ. तिनं कानानं एका सकाळी ओळखलं ते आमच्या यंत्राला महिना लागतो.) दुपारपर्यंत ती डाव्या बाजूला झुकायला लागली. तिला वाटू लागलं की डावा पायच दबतोय, त्यात जोर नाही.  संध्याकाळी खिडकीत बसून तिनं मनातली भीती बोलून दाखवली. आपल्या सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं, आठवत असेल आपल्याला: आधी डावं पाऊल, मग काठी, मग पलंग. ताईंना यातलं काही कळवू नका म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, “मला काठी लागली, तर तुम्ही माझ्या चालीनं चालाल ना?”

मी तोंड उघडलं. आता सगळं सांगायचं, असा निश्चय केला. पण पलंगाखाली ते बूट, त्यावरची ती नाजूक बक्कलं, आणि घरी कपाटात घडी करून ठेवलेला तो कागद. मी म्हणालो, उद्या आपण डॉक्टरांना दाखवू. आजवर मी अनेकदा पायावर धोंडा मारून घेतला आहे, पण स्वतः उचलून, नेम धरून, अशी ही पहिलीच वेळ.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना अर्थातच गावाच्या सगळ्यात उंच टोकाला, आणि तिथेही चालतच जायचं. ही त्याच बुटांत, माझा दंड धरून, एकेक पायरी चढत होती. न्हाव्यानं आम्हाला जाताना पाहिलं आणि दाराशी येऊन उभा राहिला. वर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी हिला तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि अनवाणी चालून दाखवायला सांगितलं. ही एखाद्या मुलीसारखी सरळ चालली. आता बूट घालून, म्हणाल्या. ही लंगडली. बाईंनी एक बूट डाव्या हातात घेतला, एक उजव्या, दोन्ही अंगठ्यांनी सोल दाबून पाहिले आणि विचारलं की हे कुठून घेतलेत. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहिलं. मग बाई मला म्हणाल्या, तुमचेही दाखवा. मी काढून दिले. त्यांनी तेही दाबले आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं एकाच दुकानात जाता वाटतं. तिथे माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्याच क्षणी, भाऊसाहेब, मला आपली तीव्रतेनं आठवण झाली. का झाली ते पुढे येईल.

मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या समोरच. त्यांनी मध्येच उठून खिडकी लावून घेतली, कारण खाली रांगेतले लोक ऐकत होते. हिनं दोन्ही बूट माझ्या हातात दिले आणि अनवाणी गाव उतरू लागली. मी मागे, हातात बायकोचे बूट, आणि गल्लीतली झाडून सगळी दारं उघडी. न्हाव्यानं हिचे पाय पाहिले, माझे हात पाहिले आणि खुर्ची आत ओढून घेतली. बाजाराच्या चौकात एक चपलांचं दुकान होतं. ही आत शिरली, दोरीच्या तळाच्या साध्या निळ्या चपला निवडल्या, दुकानदाराला खोकं आणि कागद दोन्ही द्यायला सांगितलं, आणि पैसे द्या म्हणून माझ्याकडे बोट केलं. दुकानदार सुटे पैसे शोधेपर्यंत मी सवयीनं त्यातली एक चप्पल उलटी केली. ती नुसती बघत राहिली. मी सुलटी केली.

दुपारी घरमालकीणबाईंनी दारावर टकटक करून फुलं आणून ठेवली, त्या बिचारीला काय माहीत. संध्याकाळी हिनं पलंगाखालून ते वाइनरंगी बूट काढले आणि समोर ठेवले. मला वाटलं आता खिडकीतून जाणार, खाली भट्टीवाला आहे, त्याला लागायला नको. पण ती म्हणाली, “पंचवीस वर्षं तुमच्याबरोबर चालतेय. विचारलं असतंत, तर एका पायात लाल आणि एका पायात हिरवा घालूनसुद्धा चालले असते. भेट म्हणून कशाला दिलेत?”

 मी फक्त म्हणालो की चुकलो, आणि मान खाली घालून बसलो. तिनं विचारलं, कोण पुढे आहे? मला आधी कळेना. म्हणाली, डावा की उजवा? मी सांगितलं, उजवा टिकतोय, पण ओल्या पायऱ्यांवर डावा पकड चांगली धरतो. ती म्हणाली, ते मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. आणि भाऊसाहेब, तिला अर्धवट सोडलेलं गाणं सहन होत नाही हे आपण जाणताच. काल सकाळपासून ती दुपारपर्यंत वाइनरंगी बूट घालून माझा फेरा पुरा करते आणि संध्याकाळी निळ्या चपला घालून तिचा. संध्याकाळच्या फेऱ्यात मी कुठे बघायचं ते तिनं ठरवून दिलं आहे: समोर. डावा पाय दबला की आता ती हसते आणि सांगते, भप्प. न्हाव्यानं खुर्ची पुन्हा बाहेर काढली आहे.

उद्या आम्ही निघतो. एकूण सहल चांगली झाली, असं मी म्हणणं शोभत नाही, पण झाली खरी. एकच विचित्र गोष्ट. माझ्याही पायात चाचणीचीच जोडी आहे, आणि कालपासून उजव्या टाचेची झीज एकदम बाहेरच्या कडेला जायला लागली आहे. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. हा नव्या सोलचा काहीतरी गुण असावा, साहेबांना आजच कळवलं आहे. कंबर मात्र फार ठणकते. ही मोठ्या मायेनं शेकते आहे. ताईंना नमस्कार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – बूट पुसण्याची गोष्ट ताईंच्या मनात तशीच राहू द्यावी. मला एवढं एकच मोठेपण मिळालेलं आहे.

ता. क. दुसरा – आता खरं काम. सोमवारी त्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ नये. गेलातच तर अनवाणी जावं. पुरुषांच्या नमुन्याचं माप नेमकं आपल्या पायाचं आहे, आणि निवृत्त माणूस रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, नेमानं फिरतो. असा चालणारा आम्हाला शोधून सापडत नाही. आपल्याकडे आलो की जेवणानंतर मी जरा हवा खातो म्हणून दारात जायचो आणि ताई म्हणायच्या की मेहुणे किती एकलकोंडे आहेत. मी चपलांच्या कपाटापाशी असायचो. गुडघा आठ दिवसांत सुधारेल. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून पत्रानं मागतो.

ता. क. तिसरा – रागाच्या भरात बूट फेकू नयेत. धुऊही नयेत. आहेत तसे पाठवावेत, विशेषतः डावा.

भाऊजी, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी वाचलं. तुमच्या बुटांचं मला आत्ताच कळतंय, ते मी घरी गेल्यावर बघते. ताईला सगळं सांगा, बूट पुसण्याचंसुद्धा. आणि यांच्या कंबरेची काळजी करू नका. परवा रात्री मी यांच्या उजव्या बुटात टाचेखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या घालून ठेवल्यात, नव्या चपलांच्या खोक्याच्या. रोज बूट उलटा करून मोजतात, पण आत हात घालून बघायचं अजून सुचलेलं नाही. आज संध्याकाळी नदीकाठी यांनी माझा दंड धरला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, मला काठी लागली तर तू माझ्या चालीनं चालशील ना? मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. पण पुठ्ठा उद्या गाडीत बसल्यावरच काढीन.